गुहागरच्या डब्यातली तांब्याची नाणी: डागांच्या नोंदी

4 जून 2023

गुहागरच्या घरातला हिंगाचा पत्र्याचा डबा काल पुण्याला आला. काकूने साडीच्या तुकड्यात गुंडाळून पाठवला. आत 37 नाणी: शिवराई सात, त्यातल्या तीन दुदांडी (दोन आडव्या रेघांच्या), कंपनी सरकारचे 1835 चे पाव आणे नऊ, व्हिक्टोरियाचे आठ, एडवर्डचे दोन, पाचव्या जॉर्जचे चार, आणि भोकाचे पैसे सात. भोकाचे चार पैसे सुतळीत ओवलेले होते, कुणी ओवले ते घरात कुणालाच आठवत नाही.

परवाच तिथीप्रमाणे शिवराज्याभिषेकाला 350 वं वर्ष लागलं. 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पडली. तेच नाव, तोच मजकूर पुढे पेशवाईतही चालू राहिला, त्यामुळे आमच्या सातांपैकी महाराजांच्या हयातीतली एखादी आहे का, हा वेगळा अभ्यास आहे. तो मी आत्ता करणार नाही. आत्ता एकच काम: या नाण्यांवर डाग आहेत, ते कसले आहेत ते ओळखायचं. ओळख पटल्याशिवाय एकाही नाण्याला हात लावायचा नाही.

हे वाक्य मी स्वतःसाठी लिहून ठेवतेय, कारण डबा उघडल्या उघडल्या पहिला विचार आला तो घासायचाच.

11 जून

दिवसभर खिडकीपाशी बसून दहापट भिंगाखाली एकेक नाणं पाहिलं. कडेने धरायचं, खाली मऊ टॉवेल, आणि तोंडाला रुमाल. रुमाल यासाठी की नाण्यावर वाकून बोललं की थुंकीचे बारीक शिंतोडे उडतात आणि तांब्यावर वर्ष-दोन वर्षांनी त्या जागी काळे ठिपके उमटतात.

वजनं घेतली. कंपनीचा पाव आणा 100 ग्रेनचा, म्हणजे 6.48 ग्रॅमचा, आमचे झिजलेले 6.1 ते 6.4 मध्ये बसतात. एडवर्डची दोन्ही 1907 नंतरची, म्हणून हलकी, 4.8 च्या आसपास. 1906 मध्ये पाव आण्याचं तांबं जाऊन ब्रॉन्झ आलं आणि वजनही उतरलं. डागांच्या दृष्टीने हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण ब्रॉन्झमध्ये थोडं कथील आणि जस्त असतं आणि त्याचा रंग शुद्ध तांब्यापेक्षा वेगळा पिकतो.

डागांचे रंग वहीत मांडले. काळे, तांबडे, गडद हिरवे, फिकट हिरवे, आणि काही नाण्यांवर चिकट हिरवट थर. एकाच डब्यात, एकाच घरात, एकाच खाऱ्या हवेत राहिलेली नाणी. मग डाग इतक्या तऱ्हेचे का?

18 जून

बाभळीचा काटा घेऊन बसले. सुई किंवा पिन तांब्याला ओरखडते, काटा ओरखडत नाही. काट्याच्या टोकाने डागाला अगदी हलकं टोचून पाहायचं, एवढीच परीक्षा.

गडद हिरवा रंग बहुतेक नाण्यांवर घट्ट आहे. काटा त्यावरून घसरतो, खाली गुळगुळीत लागतं, अक्षरांच्या कडा शाबूत आहेत. हा जुना, स्थिर झालेला थर. मॅलकाइटसारखी तांब्याची कार्बोनेटं हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन दशकानुदशकं जमत जातात आणि खालच्या धातूवर पांघरुणासारखी बसतात. याला हात लावायचा नाही. हे काढलं की नाण्याचं वय गेलं.

तांबूस-विटकरी भाग म्हणजे क्युप्राइट, तांब्याचाच ऑक्साइड. तोही स्थिर. दोन नाण्यांवरचा तांबडा मात्र वेगळा वाटतोय, जरा जास्तच लाल आणि अक्षरांच्या खोलगट भागात साठलेला. वहीत प्रश्नचिन्ह.

जॉर्जच्या तीन नाण्यांवर आडवी काळी पट्टी आहे, तिन्हींवर एकाच रुंदीची. तासभर डोकं खाजवल्यावर डब्याच्या तळाशी सुकून तुटलेलं रबरबँड दिसलं. रबरातला गंधक तांब्याला काळं करतो. ही पट्टी आता जाणार नाही.

आणि मग ती पाच. तीन शिवराई आणि कंपनीचे दोन पाव आणे. यांच्यावर फिकट पोपटी, पिस्त्याच्या पुडीसारखे बारीक ठिपके. काटा लावला तर भुकटी सुटली. खाली खड्डा.

सगळ्यात वाईट ठिपका एका शिवराईच्या दर्शनी बाजूवर आहे. तीन ओळी, श्री, राजा, शिव. साचा नाण्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे काही ना काही कापलं जातंच. आमच्या नाण्यात ‘श्री’ची वेलांटी बाहेर गेलीय. पण ‘शिव’ पूर्ण आलाय. आणि नेमक्या त्या ‘व’च्या दांड्यावर दोन मिलिमीटरचा पोपटी ठिपका, दांडा मधोमध खाल्लेला. भिंगातून पाहताना पोटात कालवलं.

27 जून

परवा पाऊस आला. खोलीतला आर्द्रतामापक 62 वरून 84 वर गेला. पाच नाणी उघड्या बशीत वेगळी ठेवली होती. ‘व’वरची भुकटी मी 18 तारखेला काट्याने झाडून घेतली होती. आज तिथे पुन्हा भुकटी आहे, शेजारी दोन नवे ठिपके आहेत. उरलेली 32 जशीच्या तशी.

म्हणजे शंका उरली नाही. हा ब्रॉन्झ डिसीज. नाव ब्रॉन्झचं असलं तरी शुद्ध तांब्यालाही होतो, आणि रोग म्हणतात तरी जंतूंचा काही संबंध नाही. आत मुरलेल्या क्लोराइडचा तांब्याशी संयोग होऊन क्युप्रस क्लोराइड तयार होतं. ते कोरडं असेपर्यंत निपचित पडून राहतं. ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्याची ही पोपटी भुकटी होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल बाजूचं चांगलं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, पुन्हा ओलावा, पुन्हा भुकटी. क्लोराइड खर्चच होत नाही, तेच तेच फिरत राहतं. म्हणून वरची भुकटी झाडून उपयोग नसतो.

पाचही नाणी सिलिका जेलच्या डब्यात बंद केली. हवेतली आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली राहिली की हे चक्र थांबतं. बरं होत नाही, पण थांबतं.

2 जुलै

हीच पाच का, हे डोक्यातून जात नव्हतं. समुद्राची हवा म्हणावी तर ती सगळ्यांनाच लागली. शेवटी काकूला फोन केला.

“काकू, डब्यातली पाच नाणी वेगळी ठेवली होतीस का गं कधी?”

“अगं, ती लक्ष्मीपूजनाची. सासूबाईंच्या वेळपासून तीच पाच निघतात. ताम्हनात मांडायची, पूजा झाली की परत डब्यात.”

“मांडायच्या आधी धुवायचीस?”

“धुवायची म्हणजे काय, लख्ख करायची. चिंच आणि मीठ. दुसऱ्या कशाने तांबं निघतं का?”

चिंच आणि मीठ. चिंचेतलं आम्ल वरचा संरक्षक थर विरघळवतं, तांबं उघडं पडतं, आणि मिठातलं क्लोराइड त्या उघड्या तांब्याच्या बारीक भेगांत जाऊन बसतं. ताम्हनाला त्याने काही होत नाही, कारण ताम्हन रोज घासलं जातं, भरपूर पाण्याने धुतलं जातं, त्याचा पत्रा सपाट असतो. नाण्याचं तसं नाही. अक्षरांच्या कोपऱ्यात, जुन्या खड्ड्यांत मीठ अडकतं, नाणं ओलसरच पुसून डब्यात जातं आणि वर्षभर कुणी पाहत नाही. काकूचीच सुमारे चाळीस लक्ष्मीपूजनं झाली, त्याआधी आजीची.

काकूला हे लगेच सांगितलं नाही. तिने ते जितक्या श्रद्धेने केलं तितक्या मायेने या डब्याकडे घरात दुसऱ्या कुणी पाहिलंसुद्धा नाही. सांगायचं ते समोर बसून.

9 जुलै

आज ॲसिटोन. रसायनांच्या दुकानातलं शुद्ध घेतलं. नखांचा रंग काढायच्या बाटलीत सुगंध आणि तेलं असतात, ते नको. काचेची बाटली, गॅलरीत, देवघरातलं निरांजन विझल्यावर. ॲसिटोन तांब्याला काही करत नाही, पण तेल, मेण, प्लास्टिकचा चिकटा सोडवतं.

प्रश्नचिन्हाची दोन लाल डागांची नाणी आधी टाकली. पूजेच्या पाचातलीच ही दोन. दहा मिनिटांत ॲसिटोन पिवळट-केशरी झालं. म्हणजे तो लाल डाग तांब्याचा नव्हताच. हळदकुंकू आणि निरांजनातलं तेल होतं ते, थरावर थर बसून घट्ट झालेलं. किती जणींच्या बोटांचं, देव जाणे. बाटलीतला रंग पाहून थोडं वाईट वाटलं. पण तेलाखाली मीठ कोंडून राहतं, त्यामुळे काढणं भाग होतं.

मग अल्बममधली सहा. बाबांनी नव्वदच्या दशकात सहा नाणी हौसेने प्लास्टिकच्या अल्बममध्ये लावली होती, नंतर ती डब्यात परत आली. त्यांच्यावरचा चिकट हिरवट थर दोन अंघोळींत निघाला. तीन स्वच्छ, दोनांवर मंद डाग राहिले, एका व्हिक्टोरियाच्या गालावर मात्र थराखाली धातूच खाल्ला गेलाय.

16 जुलै

तो अल्बम अजून माळ्यावर आहे. त्याच्या पानाची तपासणी केली. तांब्याच्या वायरचं टोक सोलून गॅसच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायचं, प्लास्टिकच्या पानाला टेकवायचं, थोडं वितळून चिकटलं की परत ज्योतीत धरायचं. ज्योत हिरवीगार झाली तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी, तांब्यावर तसा चिकट हिरवट थर आणणारं प्लास्टिक. खिडक्या उघडून, नाकाला रुमाल लावून केलं. ज्योत मोरपिशी हिरवी झाली.

अल्बम फेकला. बाबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या काढून घेतल्या.

23 जुलै

पूजेच्या पाचांचा उपचार सुरू. सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं पाच टक्क्यांचं द्रावण. म्हणजे धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांची जोडी, पण किराणा दुकानातली नाही, प्रयोगशाळेच्या प्रतीची, कारण साध्या सोड्यातही मीठ असू शकतं. अर्धा लिटर पाण्याला निर्जल सोडियम कार्बोनेट 12 ग्रॅम, बायकार्बोनेट 9 ग्रॅम. नाणी काचेच्या भांड्यात, एकमेकांना न टेकता. हे द्रावण क्लोराइड हळूहळू बाहेर ओढतं आणि आम्ल मारतं. आठवड्यांचं काम आहे, कधी महिन्यांचं. थोडं तांबंही विरघळतं आणि जुन्या थराचा रंग बदलू शकतो, म्हणून निरोगी नाण्याला हे कधीही करू नये.

संध्याकाळी दुदांडीभोवतीचं पाणी लालसर दिसलं. दोन्ही आडव्या रेघांच्या मधून लाल रंग निघत होता. हात थरथरला. वाटलं, जुना थरच सुटला.

मग उजेड पडला. हळद! ॲसिटोनमधून सुटली नव्हती तेवढी कोपऱ्यात राहिलेली. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, हे शर्ट धुणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. सोड्याने तेच केलं. नाणं काढलं, डिस्टिल्ड वॉटर, पुन्हा ॲसिटोन, पुन्हा सोडा. यावेळी पाणी नितळ.

13 ऑगस्ट

तीन आठवडे झाले. पाणी दर आठवड्याला बदलतेय. पहिल्या दोन वेळी चक्क निळसर होतं, आता फिकट.

बाहेर किती क्लोराइड आलं हे डोळ्यांना कळत नाही. भाची रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते, तिच्याकडे तीन कुप्या दिल्या: पहिल्या आठवड्याचं पाणी, तिसऱ्या आठवड्याचं, आणि तुलनेसाठी कोरं डिस्टिल्ड वॉटर. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की क्लोराइड असेल तर पाणी पांढुरकं गढूळ होतं. सोड्याच्या पाण्यात आधी नायट्रिक आम्ल घालून कार्बोनेट मारावं लागतं, नाहीतर त्याचाच गाळ बसून फसगत होते.

रात्री तिचा फोन. “मावशी, पहिलं दुधासारखं झालं. तिसरं बरंच कमी. पण तुझं कोरं पाणीही गढूळ झालं गं.”

बॅटरीच्या दुकानातून आणलेला कॅन. डिस्टिल्ड म्हणून विकलेल्या पाण्यात क्लोराइड! तीन आठवडे मी एका हाताने मीठ काढतेय आणि दुसऱ्या हाताने घालतेय. जेवण गेलं नाही.

16 ऑगस्ट

भाचीने तिच्या ओळखीच्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातून पाच लिटर पाणी आणवलं. आधी तेच पाणी तपासलं. नितळ राहिलं. आजपासून आठवडे नव्याने मोजायचे.

3 सप्टेंबर

ऑगस्ट कोरडाच गेला, पावसाने पार ओढ दिली. धरणांची काळजी एकीकडे, आणि माझ्या आर्द्रतामापकाला तेवढाच आराम.

दुदांडी आणि कंपनीची दोन्ही नाणी: पाण्यात क्लोराइड नाही, सलग दोन आठवडे. ती बाहेर काढून साध्या शुद्ध पाण्यात ठेवली, रोज पाणी बदलून, सोडा निघेपर्यंत. उरलेल्या दोन शिवराईंच्या पाण्यात अजून पुसट ढग. त्यांची भांडी आता वेगळी केली, म्हणजे कुणाचं मीठ ते कळेल.

रंगाचं खरं सांगायचं तर कंपनीचा एक पाव आणा पूर्वीपेक्षा काळपट झालाय. सिंहांच्या आयाळीत आधी तपकिरी ऊब होती, ती गेली. हा उपचाराचा खर्च आहे आणि तो वहीत लिहिलाच पाहिजे.

24 सप्टेंबर

घरात गणपती. नाण्यांची भांडी माळ्यावर सुरक्षित. उरलेल्या दोन शिवराईंपैकी एक आज सुटली. ‘व’वाली अजून नाही.

8 ऑक्टोबर

खरी परीक्षा. सुटलेली चार नाणी कोरडी करून (शेवटी ॲसिटोनची बुडी, मग विजेच्या दिव्याखाली) झाकणाच्या डब्यात ठेवली, शेजारी वाटीत ओला कापूस, नाण्यांना न टेकणारा. आत आर्द्रता 95 टक्क्यांच्या वर. दोन दिवस. आजार शिल्लक असेल तर यात बाहेर पडतोच.

आज डबा उघडला. भिंगाखाली चारही नाणी फिरवून फिरवून पाहिली. एकही नवा ठिपका नाही.

काही संग्राहक या टप्प्यावर बेन्झोट्रायझोल या तांब्याला गंजापासून वाचवणाऱ्या रसायनाचा हात देतात, संग्रहालयांत तो नेहमीचा आहे. पण ते रसायन हातमोजे, हवेशीर जागा आणि प्रशिक्षण मागतं. माझ्या स्वयंपाकघराशेजारी ते येणार नाही. खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल चोळा असंही कुणी कुणी सुचवलं. तेल खवट झालं की त्यातली आम्लं तांब्याला लागतात आणि धूळही चिकटते. नाही. वर बारीक मेणाचा एक पातळ हात, बस्स.

29 ऑक्टोबर

राहिलेलं एक नाणं: 1945 चा भोकाचा पैसा. युद्धात धातू वाचवायला 1943 पासून असे भोक पाडलेले पैसे आले. हा एकच आमच्याकडे टांकसाळीतल्या लालीसह टिकलाय. त्याच्यावर टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका आहे, आणि भोकाच्या उजवीकडे तपकिरी रेघांचं अर्धवर्तुळ. मी ते आधी डाग म्हणून नोंदलं होतं. आज तिरप्या उजेडात स्पष्ट दिसलं, तो अंगठ्याचा ठसा आहे. घामातलं मीठ आणि आम्ल ताज्या तांब्यावर लागलं की रेघ न् रेघ कोरली जाते आणि ती मग धातूचाच भाग होते.

अल्बममध्ये लावलेल्या सहांतलं हे एक. ठसा बाबांचा असणार. ते जाऊन सहा वर्षं झाली.

काळा ठिपकाही तसाच राहील. तो उकरला तर खाली फिका खड्डा दिसेल, ठिपक्यापेक्षा वाईट. दोन्हींची नोंद केली, पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवलं.

12 नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

गुहागरला. नाणी घेऊन आले, चारच. सकाळी काकूजवळ बसून सगळं सांगितलं. मीठ कुठे जाऊन बसतं ते कागदावर काढून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती.

“म्हणजे माझ्याच हाताने झालं म्हणायचं.”

“तू होतीस म्हणून नाणी घरात राहिली काकू. विकायला काढली होती सगळ्यांनी.”

तिने चारही हातात घेतली, कडेने, मी दाखवलं तशी. मग म्हणाली, “काळी लक्ष्मी मांडायची?” मी म्हटलं, हाच तिचा रंग आहे. तिने ताम्हनात तांदळाऐवजी कोरडी रेशमी खणाची घडी ठेवली, वर नाणी, आणि हळदकुंकू नाण्यांसमोर सुपारीला वाहिलं. मी काहीही सुचवलं नव्हतं. तिनेच ठरवलं.

पूजेनंतर तिने विचारलं, पाचवी कुठाय. मी फोनवर फोटो दाखवला. ‘शिव’वर बोट ठेवून म्हणाली, “ही सासूबाई नेहमी मधोमध मांडायच्या.”

19 नोव्हेंबर

पुण्यात परत. ‘व’वाल्या शिवराईचं पाणी आज तपासलं. अजून किंचित ढग, पण महिन्यापूर्वीच्या निम्मा. ‘व’चा दांडा तुटलेलाच राहील, पण खड्ड्याचा तळ आता पोपटी नाही, तांबूस-काळा आहे. सोडा ताजा केला, पाणी बदललं. पुढची तपासणी 26 ला.